लहुजी वस्तादांची तालीम आणि ऊसतोडीच्या पोरांची शाळा

प्रतिवर्षी १४ नोव्हेंबर रोजी लहुजी वस्ताद साळवे यांची जयंती महाराष्ट्रात गावोगाव साजरी होते. बीड जिल्ह्यातही वस्तीच्या तोंडाशी पिवळे झेंडे लागतात, फलक उभे राहतात, हलगीच्या कडकडाटात मिरवणूक निघते, तरुण मुले दांडपट्ट्याचे हात करून दाखवतात आणि रात्री सभेत ‘आद्य क्रांतिगुरू’ या पदवीचा गजर होतो. ज्या समाजाला गावगाड्याने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, त्याने आपला एक पूर्वज असा ताठ मानेने मिरवावा, यात आनंदच मानला पाहिजे. परंतु नेमक्या याच सुमारास जिल्ह्यातील शेकडो वस्त्या रिकाम्या होत असतात. साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, मुकादमाचे वाहन येते, आणि चूल, भांडी, कोयता व लेकरे घेऊन माणसे निघतात. जयंतीच्या मांडवात लहान मुले कमी दिसतात याचे कारण एवढेच, की ती फडावर गेलेली असतात. या दोन घटना एकाच पंधरवड्यात घडतात. त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, याचा विचार आपल्या कार्यकर्त्यांनी करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

लहुजींचा जन्म १७९४ सालचा, पुरंदरच्या पायथ्याशी असलेल्या पेठ गावचा. वडील राघोजी साळवे हे शस्त्रविद्येत निष्णात. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि त्या लढाईत राघोजी कामी आले, अशी परंपरा आहे. पुण्यात वाकडेवाडी येथे त्यांची समाधी दाखवतात. पुढे लहुजींनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम चालवली. तेथे लाठी, दांडपट्टा, तलवार व निशाणबाजी शिकवली जाई. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. संगमवाडीत त्यांची समाधी आहे. इतका दीर्घ काळ जगलेल्या आणि तीन पिढ्यांना हात धरून शिकवलेल्या या माणसाचे मोठेपण कशात होते, हे मात्र केवळ जन्ममृत्यूच्या तारखांवरून उमगत नाही. त्यासाठी त्या काळच्या पुण्यात तालीम म्हणजे काय होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्याची साक्ष एका शाळकरी मुलीने देऊन ठेवली आहे. मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी. ती लहुजींच्या नात्यातली म्हणून ओळखली जाते. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्या वेळी ती चौदा वर्षांची होती असे सांगतात. पेशवाईच्या दिवसांत मांग अथवा महार तालीमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याच्या शिराचा चेंडू करून तलवारीच्या दांडूने खेळ होत असे, असे तिने त्यात लिहिले आहे. त्या निबंधातील दुसऱ्या अनेक गोष्टी आपण वारंवार उद्धृत करतो, परंतु या ओळीपाशी आपण पुरेसे थांबत नाही. ज्या समाजाच्या माणसाला तालमीच्या दारापुढून जाण्याची चोरी होती, त्याच समाजातील एका माणसाने पेशवाईचा अंत झाल्यानंतर त्याच शहरात स्वतःची तालीम थाटली आणि तिचे दार सर्व जातींना मोकळे ठेवले. ज्या बंदीने आपल्या लोकांचा अपमान केला, तीच बंदी उलटी फिरवून दुसऱ्यांवर लादण्याचा मोह त्यांना झाला नाही. लहुजींच्या कार्याचा खरा आरंभ येथे आहे.

शस्त्रविद्या ही काही पोथी नव्हे, की जी दुरून ऐकून पाठ करता येईल. दांडपट्टा शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचे मनगट धरावे लागते, त्याचा खांदा वळवावा लागतो, पायाची ठेवण हाताने दुरुस्त करावी लागते. हौदात उतरल्यावर दोन शरीरे एकमेकांना भिडतात आणि दोघांच्या अंगाला एकच माती लागते. सोवळेओवळे सांभाळून कुस्ती होत नाही. शिवाय तालमीचा दंडक असा, की आत येणाऱ्याने आधी मातीला आणि मग वस्तादाला नमस्कार करायचा. माळी किंवा ब्राह्मण घरातील मुलगा एका मांग वस्तादापुढे वाकतो आणि त्याच्याकडून आपले मनगट धरून घेतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील पुण्यात किती मोठी होती, याची आज कल्पना करणे कठीण आहे. समतेवर व्याख्यान न देता समतेची सवय लावणारी ती जागा होती. आपल्या चळवळीने पुढे सहभोजने केली, एक गाव एक पाणवठ्याचे अभियान चालवले. त्या सर्व उपक्रमांच्या मुळाशी असलेले तत्त्व, की स्पर्शाची भीती स्पर्शानेच जाते, गंज पेठेतल्या मातीत आधीच रुजलेले होते.

अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला या तालमीकडे आणखी एका बाजूने पाहावेसे वाटते. १८१८ नंतर मराठी मुलखात नुसती सत्ता बदलली नाही, तर एक मोठा रोजगार बुडाला. किल्ले ओस पडले, शिबंदी मोडली, आणि गडाची राखण, वाटेची चौकी, सैन्यातील चाकरी यांवर जगणाऱ्या रामोशी, मांग, महार, कोळी आदी जातींचे हजारो हात एकदम निकामी झाले. ज्यांच्या नावे जमिनी होत्या, वहिवाटीचे कागद होते, त्यांनी नव्या राज्याशी जुळवून घेतले. ज्यांच्यापाशी केवळ हाताचे कसब होते, त्यांच्या कसबाला बाजारात किंमत राहिली नाही. पुरंदरच्या परिसरातच उमाजी नाईकांनी बंड केले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी ते पुण्यात फासावर गेले. त्या बंडाच्या मुळाशी स्वाभिमान होता, तसाच हा बुडालेला रोजगारही होता. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलीसुरली हत्यारेही परवान्याखाली गेली. म्हणजे लहुजींच्या उभ्या आयुष्यात त्यांची विद्या क्रमाक्रमाने निरुपयोगी ठरत होती. आपल्या विद्येचा काळ सरत आला आहे असे दिसत असता माणूस दोन गोष्टी करू शकतो. तो त्या विद्येला कवटाळून बसतो, किंवा येणाऱ्या विद्येला वाट करून देतो. लहुजींनी काय केले, हे जोतीरावांच्या उदाहरणावरून दिसते.

जोतीरावांचे घर त्याच गंज पेठेतले. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त त्यांनी स्वतः नमूद केले आहे, की तरुणपणी लहुजींपाशी आपण दांडपट्टा आणि निशाण मारण्याची कसरत शिकलो. इंग्रजांचे राज्य उलथून टाकावे, ही त्या वयातील कल्पना त्यामागे होती, हेही त्यांनी लपवलेले नाही. १८४७ च्या सुमारास त्यांच्या वाचनात थॉमस पेन आला. मित्रांशी चर्चा झाल्या, स्वतःचा अनुभवही होताच, आणि परक्याचे राज्य घालवण्याआधी आपल्यातील आपल्यावरचे राज्य घालवले पाहिजे, या निष्कर्षाकडे त्यांचे मन वळले. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात जोतीरावांनी सांगितले आहे, की मुलींच्या शाळेनंतर वर्षभरात त्यांनी महार-मांगादी जातींच्या मुलांसाठीही शाळा काढली आणि नंतर तशा आणखी दोन शाळांची भर पडली. तलवार शिकायला आलेला शिष्य पाटीपेन्सिल वाटू लागला.

अशा वेळी वस्तादाने रुसावे, शिष्य बिघडला म्हणावे, असा आपल्याकडचा रिवाज. आखाड्यात काय, राजकारणात काय, गुरूला आपल्याच डावाचे अनुकरण करणारा शिष्य प्रिय असतो. लहुजींनी उलट केले. त्यांनी शिष्याच्या शाळेसाठी आपली वस्ती पालथी घातली. जोतीरावांच्या त्या काळातील कार्यात लहुजी मांग आणि राणबा महार ही दोन नावे जोडीने येतात. दोघांनी आपापल्या लोकांना शिक्षणाचे महत्त्व पटवले आणि मुले शाळेत आणून बसवली. १८५३ साली महार-मांग इत्यादिकांस विद्या शिकवणारी मंडळी स्थापन झाली. तिला घर मिळाले असेल, देणगी मिळाली असेल, सरकारचे उत्तेजनही मिळाले असेल. परंतु मुले कोठून आली? उपाशी घरातून पोर उठवून शाळेत पाठवणे हे देणगीदाराला जमणारे काम नव्हते. ज्याच्या शब्दाला वस्तीत वजन होते, ज्याच्या दंडाचा धाक होता आणि ज्याच्या शब्दाखातर आईबाप दोन दिवसांची मजुरी सोडायला तयार होते, अशा माणसाचे ते काम होते. तालमीत कमावलेली इभ्रत लहुजींनी शाळेच्या कामी खर्च केली. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत मोठा डाव आहे. तो त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर टाकला.

त्या डावाचे फळ म्हणजे मुक्ताचा निबंध. एका पिढीपूर्वी ज्या समाजाला तालमीपुढून जाता येत नव्हते, त्या समाजाची मुलगी आता त्या अत्याचाराचा जाब छापील अक्षरांत विचारत होती. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने केला. आपल्या स्त्रियांच्या बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसते, हे तिने सांगितले. आणि शेवटी आपल्या लोकांना ज्ञान हेच औषध घ्या असे बजावले. गंज पेठेतील तालमीने किती पहिलवान घडवले याची गणती आज कोणापाशी नाही. पण ही एक मुलगी त्या तालमीच्या छायेत वाढून लिहिती झाली, एवढी एकच गोष्ट वस्तादाचे नाव राहण्यास पुरेशी आहे.

दुसरा शिष्य वासुदेव बळवंत फडके. पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीतला हा कारकून लहुजींपाशी शस्त्रविद्या शिकला. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनची जी होरपळ त्याने पाहिली, तिच्यातून त्याचे बंड उभे राहिले. १८७९ साली रामोशी, कोळी, धनगर अशा लोकांना हाताशी धरून त्याने सावकारांवर आणि सरकारवर हत्यार उचलले. बंड फसू लागले तेव्हा तो निजामाच्या मुलखात, म्हणजे आपल्याच बाजूला, नवी कुमक मिळवण्यासाठी उतरला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये तो पकडला गेला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात मरण पावला. तारीख तीच, जिच्यावर दोन वर्षांपूर्वी वस्ताद गेले होते. एका तालमीतून निघालेल्या या दोन वाटा. एकीने राज्य हादरवले, दुसरीने समाज हादरवला. यांतली कोणती श्रेष्ठ हा वाद आपण आजवर पुष्कळ घातला आहे. लहुजींकडे पाहिले म्हणजे असे वाटते, की दोन्ही वाटांच्या आरंभी उभा असलेला माणूस एकच होता, आणि त्याने जात विचारली नव्हती.

हे सर्व पुन्हा सांगण्याचे प्रयोजन असे, की आपण साजरी करत असलेल्या जयंतीत या माणसाचा अर्धाच भाग उरला आहे. फलकावर दंड, मिशा, तलवार आहेत. भाषणांत त्यांच्या शिष्यांची यादी दरवर्षी लांबत जाते. स्वातंत्र्यलढ्यातील जे मोठे नाव आठवेल ते तीत घातले जाते. लहुजींना अशा उसन्या मोठेपणाची गरज नाही. जोतीराव आणि वासुदेव बळवंत एवढे दोन शिष्य कोणत्याही गुरूला पुरेसे आहेत. यादी लांबवण्याच्या नादात राणबा महार, मुक्ता आणि वस्तीतून शाळेत आणलेली ती निनावी मुले मागे पडतात. तलवारीचे स्मरण सोपे असते, कारण तिच्यासाठी आज कोणाला काही द्यावे लागत नाही. शाळेचे स्मरण अवघड, कारण ते लगेच विचारते, तुमच्या वस्तीतली किती मुले आज वर्गात आहेत?

आपल्या मराठवाड्यात या शब्दाचा एक जुना अर्थ अजून कानांत असायला हवा. ‘तालीम’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थच मुळी शिक्षण. पुणेरी मराठीत तो आखाड्यापुरता आकसला. परंतु १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि आमच्या वडिलांच्या पिढीला सरकारी उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शाळा, विद्या, एवढेच ठाऊक होते. गांधीजींच्या ‘नयी तालीम’मध्येही तोच अर्थ आहे. वस्ताद हे उस्तादाचेच रूप, आणि उस्ताद म्हणजे शिकवणारा. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून मैदानावरची कवायत, लेझीम आणि बौद्धिक यांची जी सांगड घातली, तिच्यामागेही हीच समज होती, की शरीर ताठ झाल्याखेरीज मान ताठ होत नाही आणि डोके उघडल्याखेरीज ताठ मानेचा उपयोग होत नाही. भाषेने ज्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, त्या लहुजींनी आपल्या जगण्यात एकत्र ठेवल्या होत्या.

आता बीडकडे वळू. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील कोरडवाहू जमीन आणि तिच्यावर जगणारी, किंवा तीही नसलेली, माणसे दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर आणि थेट कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जातात. त्यांत वंजारी आहेत, मराठा आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आहेत आणि मातंग आहेत. मातंगांच्या बाबतीत गोष्ट अशी, की त्यांचा गावातला परंपरागत धंदाही त्यांच्या हातून गेला आहे. केकताडाचा वाख काढून नाडे, कासरे, चऱ्हाटे वळायची, शिंदीच्या झाडण्या करायच्या, हलगी वाजवायची, हा त्यांचा बलुत्याचा वाटा. नायलॉनचा दोर आला आणि तो वाटा संपला. ज्याप्रमाणे १८१८ नंतर शस्त्राचे कसब निकामी झाले, त्याचप्रमाणे गेल्या अर्धशतकात दोराचे कसब निकामी झाले. दोन्ही वेळा हातात उरले ते नुसते अंगबळ, आणि ते विकत घेणारा बाजार दूर होता.

या बाजाराचे गणित समजून घेतल्याखेरीज मुलांच्या शाळेचा प्रश्न समजत नाही. फडावर मोजणीचे एकक ‘कोयता’ हे आहे, आणि कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो आणि ती फेडायची असते टनावर. बाई मागे राहिली तर कोयता अर्धा होतो आणि उचलीचा बोजा पुढच्या हंगामावर चढतो. एक दिवस काम चुकले तर खाडा लागतो. अशा स्थितीत आईने मुलासाठी घरी राहावे, हा उपदेश पगारी माणसाने करण्यात अर्थ नाही. मूल बरोबर जाते ते मुख्यतः त्याला सांभाळायला घरी कोणी नसते म्हणून. तेथे गेल्यावर दहा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी करते, आणि मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधू लागतो. मार्च-एप्रिलमध्ये परत येईपर्यंत वर्ष निघून गेलेले असते. दोनतीन हंगाम असे गेले की हजेरीपटावर नाव राहते आणि मूल मात्र शाळेबाहेर पडलेले असते. वयात आल्यावर त्याचेही लग्न होते, आणि एक नवा कोयता तयार होतो. मुक्ताने लिहिलेले बिनछपराचे बाळंतपण उसाच्या फडात आजही घडते, हे वेगळे सांगायला नको.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयात मी तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. ऊसतोडीच्या घरातून आलेला विद्यार्थी भेटला की मी त्याला एक प्रश्न हटकून विचारत असे, तू शाळेत टिकलास तो कोणामुळे? उत्तर बहुतेक वेळा एकच असे. कुठे आजी होती, कुठे चुलती होती, कुठे एखादा मास्तर होता, ज्याने आईबाप निघताना म्हटले, पोराला माझ्यापाशी ठेवा. योजनेचे नाव क्वचितच कोणी घेतले. याचा अर्थ योजना नकोत असा नव्हे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. हंगामी वसतिगृहांची व्यवस्था आहे, जिच्यात मूल गावातच नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेत होते. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांमुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेऊन कामगारांच्या कल्याणाचे महामंडळ चालवावे, असेही ठरले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ संघटनांनी मिळवली. या सर्व गोष्टी लढ्यातून आल्या आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि, योजना आणि मूल यांच्यामध्ये एक दार असते, आणि ते दार उघडून मुलाला आत नेणारा माणूस लागतो. १८५२ मध्ये तो लहुजी आणि राणबा यांच्या रूपाने होता. २०२५ मध्ये तो कोण आहे, हा प्रश्न आहे.

यावर दोन आक्षेप येतील, ते अगोदरच विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा, की लहुजींना शाळेशी जोडून तुम्ही एका क्रांतिकारकाला मवाळ करता. पिचलेल्या समाजाच्या तरुणांना आज तलवारीचा अभिमानच हवा आहे. अभिमान हवा, यात वाद नाही. पण ज्या तरुणाने मांडवात दांडपट्टा फिरवला तोच चार दिवसांनी उचलीच्या ओझ्याखाली वाहनात बसून जातो, तेव्हा त्या अभिमानाचे काय होते? मुकादमाशी हिशेब करताना दांडपट्टा चालत नाही, तेथे वजनकाट्याची पावती वाचता यावी लागते. जोतीरावांनी १८८२ साली किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, ती त्यांच्या बंडखोरीची माघार नव्हती. रयतेच्या करातून मूठभरांचे उच्च शिक्षण चालते, हे त्याच निवेदनात त्यांनी परखडपणे सुनावले होते. शाळेची मागणी हीच त्यांच्या बंडाची पुढची पायरी होती.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा मार्ग राज्यांना मोकळा करून दिला. तेव्हापासून जयंतीच्या व्यासपीठावर वाट्याचीच चर्चा प्रमुख झाली आहे आणि तिच्यापायी दोन शेजारच्या वस्त्यांत कटुता वाढली आहे. मातंग समाज शिक्षणात व नोकऱ्यांत मागे राहिला हे वास्तव आहे. राज्य शासनाने लहुजींच्याच नावाने २००३ साली आयोग नेमला, त्याने ८२ शिफारशी केल्या, त्यांतल्या किती प्रत्यक्षात आल्या हे विचारण्याचा या समाजाला पूर्ण अधिकार आहे. वाट्याचा प्रश्न न्यायाने सुटलाच पाहिजे. परंतु पाचवीत शाळा सुटलेल्या मुलाला कोणत्याही वर्गीकरणाचा लाभ मिळत नाही, मग तो मातंग वस्तीतला असो की बौद्ध वस्तीतला. फडावर दोघांची कोपी शेजारी असते. लहुजी आणि राणबा यांनी एकाच शाळेत आपापली मुले आणली, हे ज्यांना आठवते त्यांना शेजारच्या वस्तीला शत्रू ठरवून लहुजींचा जयजयकार करता येणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे एक साधी सूचना ठेवतो. लहुजींच्या स्मरणाच्या दोन्ही तारखा, १४ नोव्हेंबर आणि १७ फेब्रुवारी, गाळपाच्या हंगामात येतात. या योगाचा उपयोग करून घ्यावा. जयंतीपूर्वी महिनाभर, टोळ्या निघण्याच्या अगोदर, प्रत्येक वस्तीत घरोघर जाऊन तीन ते चौदा वयाच्या मुलांची यादी करावी. कोण कोणापाशी राहू शकेल, कोणाला वसतिगृह लागेल, कोणाला बरोबर नेण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्या यादीत असावे. ती यादी शाळेला, गटशिक्षणाधिकाऱ्याला आणि ग्रामपंचायतीला द्यावी, आणि वसतिगृह पहिली टोळी निघेल त्या दिवशी सुरू झाले पाहिजे असा आग्रह धरावा. टोळी गेल्यावर महिन्याने शिजणारा भात त्या मुलांपर्यंत पोचत नाही. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग वस्तीतील दोन वडीलधाऱ्या बायांच्या मानधनासाठी ठेवावा, ज्या रात्री या मुलांपाशी झोपतील. विशेषतः मुलींना मागे ठेवताना आईच्या मनात जी धास्ती असते, ती सरकारी परिपत्रकाने जात नाही. ओळखीच्या माणसाने जाते.

आणि १७ फेब्रुवारीला पश्चिम महाराष्ट्रातील आपल्या साथींनी आपापल्या भागातील कारखान्यांच्या अड्ड्यांवर, कोप्यांवर जावे. तेथे स्मृतिदिनाची सभा घ्यावी, आणि सभा संपल्यावर कोप्यांत किती मुले आहेत ती मोजावीत. जवळच्या शाळेत त्यांना बसवून घ्यायला लावावे आणि त्यांची नावे बीडच्या साथींना कळवावीत. नोव्हेंबरची यादी आणि फेब्रुवारीची यादी समोरासमोर ठेवली, की वर्षभरात आपण काय केले हे कोणाच्याही भाषणावाचून समजेल. दांडपट्टा अवश्य शिकवा, हलगी अवश्य वाजवा. त्याच मैदानाच्या कडेला एक फळा टांगा आणि जो वस्ताद हात शिकवतो त्यानेच सकाळी पोरांना शाळेपर्यंत सोडून यावे, असा पायंडा पाडा. तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ मग पुन्हा एका ठिकाणी येतील, आणि गंज पेठेतल्या त्या वृद्ध वस्तादाने आपल्या शिष्याच्या शाळेसाठी वस्तीतून जी फेरी मारली होती, ती आपल्या जिल्ह्यातही सुरू राहील.